मर्सिडीज जीएलसी २२० डी : दसरा ते पावसाळा, वापरून झाल्यावर

संभाजीनगरात राहून मर्सिडीज घेतली की पहिला प्रश्न ठरलेला, "ऑडी का नाही?" प्रश्न रास्त आहे. शहराजवळच्या शेंद्र्याला ऑडीच्या गाड्या जोडल्या जातात. एमआयडीसीतल्या कुठल्याही दहा जणांत एखादा तरी तिथं किंवा तिथल्या व्हेंडरकडं कामाला असतो, त्यामुळे ऑडी म्हणजे आपल्या गावची गाडी. पण बीएस-६ हे धुराचे नवे कडक नियम आले तेव्हा, म्हणजे २०२० मध्ये, ऑडीने भारतात डिझेल बंद केलं. पुढे व्होल्व्होनेही तेच केलं. माझं फिरणं वर्षाला पंचवीस-तीस हजार किलोमीटर, त्यातलं बहुतेक हायवेवरचं. पेट्रोलचा हिशोब जमेना. मग यादीत दोनच गाड्या उरल्या, बीएमडब्ल्यू एक्स ३ ची डिझेल आणि मर्सिडीजची जीएलसी २२० डी.

चालवायची मजा एक्स ३ मध्ये जास्त आहे, हे सरळ मान्य करतो. वळणावर ती गाडी ड्रायव्हरशी बोलते. पण आमच्या घरात ड्रायव्हरइतकंच मत मागच्या सीटचंही चालतं. आई दोन्ही गाड्यांत मागे बसली, खराब रस्त्यावरून चक्कर मारून आली आणि म्हणाली, "ही पांढरी बरी, पोटातलं हलत नाही." पांढरी म्हणजे जीएलसी.

दसऱ्याला गाडी घरी आली. त्याआधी दहा दिवस, २२ सप्टेंबर २०२५ ला, मोठ्या एसयूव्हीवरचा जीएसटी आणि सेस मिळून जो ५० टक्क्यांचा बोजा होता तो सरसकट ४० टक्के झाला होता. त्यामुळे उन्हाळ्यात मिळालेलं कोटेशन आणि दसऱ्याचं कोटेशन यांत चांगलाच फरक पडला. तरी शोरूमच्या किमतीवर भाळू नका. महाराष्ट्रात वीस लाखांवरच्या डिझेल गाडीला आरटीओचा कर १५ टक्के आहे, पेट्रोलला १३. शिवाय दहा लाखांवरच्या गाडीला १ टक्का टीसीएस, म्हणजे विकणाऱ्याने आगाऊ घेतलेला आयकर, लागतो. तो रिटर्न भरताना वजा होतो, पण गाडी घेताना खिशातून जातोच. विमा वेगळा. सगळं धरून आकडा नव्वद लाखांच्या जवळ जातो. आमच्यासारख्या छोट्या कारखानदारांना आणखी एक मोह असतो, गाडी कंपनीच्या नावावर घेण्याचा. घसारा आणि कर्जाचं व्याज खर्चात दाखवता येतं हे खरं. पण कंपनीच्या नावावर आरटीओचा दर २० टक्के होतो आणि जीएसटीचं इनपुट क्रेडिट, म्हणजे भरलेला जीएसटी धंद्याच्या जीएसटीतून वजा करून घेणं, अशा प्रवासी गाडीला मिळत नाही. सीएला आधी कागदावर मांडायला लावा. मी स्वतःच्या नावावर घेतली.

जोडणी चाकणची. मर्सिडीज १९९४ पासून पुण्यात आहे आणि चाकणचा कारखाना २००९ चा. तिथून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक गाडीला आयुष्यातली पहिली ट्रॅफिक नाशिक रोडवर चाकणच्या चौकात बघायला मिळते, तेव्हा भारतीय रस्त्यांची सवय तिला कारखान्याच्या दारातच लागत असावी.

आता मुद्द्याचं. शोरूममध्ये ही गाडी विकताना सेल्सवाला तुम्हाला स्क्रीन दाखवतो, रंग बदलणारे दिवे दाखवतो, छत उघडून दाखवतो. यातलं काहीही दोन आठवड्यांनंतर लक्षात राहत नाही. उरतं ते एकच, लांबच्या प्रवासानंतर आपण कसे उतरतो ते. मी आधी इनोव्हा क्रिस्टा चालवायचो. उत्तम गाडी, आजही दारात आहे. पण नागपूरला सकाळी जाऊन रात्री परत आलो की दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत मी कुणाच्या कामाचा नसायचो. खांदे आखडलेले, कानात गुणगुण, घरच्यांवर विनाकारण चिडचिड. तोच प्रवास जीएलसीने करून आलो की जेवून कारखान्याचं मेल बघायला बसतो. पाऊण कोटीच्या वरचे पैसे नेमके कशाला मोजले असं कुणी विचारलं तर मी याच संध्याकाळीकडे बोट दाखवीन.

यामागे जादू नाही. समृद्धी महामार्गावर १०० च्या वेगाला नवव्या गिअरमध्ये आरपीएमचा काटा दीड हजाराच्या आसपास पडून असतो, इंजिन आहे की नाही कळत नाही. वारा आणि टायरचा आवाज बाहेरच राहतो. समृद्धीचा सिमेंटचा रस्ता ज्यांनी साध्या गाडीतून तासन् तास कापलाय त्यांना माहीत आहे की त्या रस्त्यावर थकवतो तो टायरचा सलग घोंगावणारा आवाज. तो इथं निम्म्याहून कमी झालाय. सीट पहिल्या दिवशी कडक वाटते, तिसऱ्या तासाला तिचं मोल कळतं. मांडीखालचा भाग पुढे सरकतो, त्यामुळे उंच माणसाच्या गुडघ्यामागे पोकळी राहत नाही. सीट हलवायची बटणं दारावर आहेत, सीटच्याच आकाराची. जो भाग हलवायचा तोच भाग ढकलायचा, पुस्तक वाचायची गरज नाही. सगळ्या गाडीत याहून शहाणी वस्तू मला सापडलेली नाही, आणि ती मर्सिडीजमध्ये गेली कित्येक वर्षं आहे.

इंजिन दोन लिटरचं, चार सिलिंडरचं. १९७ हॉर्सपॉवर, ४४० न्यूटन मीटर टॉर्क आणि सोबतीला ४८ व्होल्टची छोटी हायब्रिड मोटर. ती गाडी एकटीने चालवत नाही, पण सिग्नलला आपोआप बंद झालेलं इंजिन पुन्हा सुरू होताना जो झटका बाकीच्या डिझेल गाड्यांत बसतो तो इथं जवळजवळ नाहीसा होतो. क्रांती चौकात ऑटो स्टार्ट-स्टॉपचं बटण शोधून ते बंद करण्याची सवय क्रिस्टा सोडून मी चालवलेल्या प्रत्येक गाडीत मला होती, इथं तो विचारही येत नाही. ० ते १०० ला कंपनी ८ सेकंद सांगते. मोजायला गेलो नाही, ट्रकला ओलांडताना कधी कमी पडली नाही. जोरात दाबलं तर डिझेलचा घरघराट आत येतो, पण दाबण्याची वेळ क्वचित येते.

मायलेज कंपनीच्या कागदावर १९.४ आहे. माझं हायवेला १०० च्या आसपास धरलं तर १७ ते १८, समृद्धीवर १२० ला १५ च्या जवळ, शहरात ११-१२. दोन टनांच्या फोर व्हील ड्राइव्ह गाडीला हे आकडे उत्तम आहेत. डिझेलखेरीज अ‍ॅडब्लूही लागतं हे घेणाऱ्या अनेकांना माहीत नसतं. एक्झॉस्टमधला नायट्रोजन ऑक्साइड कमी करायला युरियाचं हे द्रावण वेगळ्या टाकीत भरावं लागतं. ते संपवू द्यायचं नाही, कारण रिकामं झालं तर एकदा बंद केलेली गाडी पुन्हा सुरू होत नाही. गाडी बरीच आधी सूचना देते. हायवेच्या पंपांवर ट्रकवाल्यांमुळे कॅन सहज मिळतात. सील बघून घ्या, एवढंच. आणि ज्यांची गाडी रोज फक्त घर ते ऑफिस चार-पाच किलोमीटर फिरणार आहे त्यांनी डिझेल घेऊच नये. एक्झॉस्टच्या फिल्टरमधली काजळी जळायला इंजिन नीट तापावं लागतं, ते गावातल्या गावात होत नाही. अशांसाठी पेट्रोलची जीएलसी ३०० आहे, तीही झकास पळते.

सवय लागायला सगळ्यात जास्त वेळ घेतला तो दांड्यांनी. मर्सिडीजमध्ये गिअर मध्ये नसतो, स्टिअरिंगच्या उजव्या दांड्यावर असतो. इंडिकेटर आणि वायपर दोन्ही डाव्या दांड्यावर. मारुती, टोयोटा, ह्युंदाई चालवलेल्या आपल्या उजव्या हाताला मात्र वर्षानुवर्षांची सवय असते की वळायचं म्हणजे उजवा दांडा. आमचे ड्रायव्हर काका तीस वर्षं गाडी चालवतायत. त्यांना मी आधी आठवडाभर रविवारच्या रिकाम्या एमआयडीसीत फिरायला लावलं, मगच जालना रोडवर सोडलं. घरात दोन गाड्या असतील, एक जपानी आणि एक ही, तर हा गोंधळ पूर्ण कधीच जात नाही. आजही क्रिस्टात बसलो की वळणाला वायपर फिरतो.

स्क्रीनबद्दल माझं मत फारसं गोड नाही. ११.९ इंचाचा उभा पडदा दिसायला देखणा आहे, वेगवान आहे, फोन वायरशिवाय जोडला जातो, एसीच्या पट्ट्या खाली कायम दिसत राहतात हेही चांगलं. पण एसीचं तापमान बदलायला नजर रस्त्यावरून काढावी लागते, हे मला पटत नाही. क्रिस्टात गोल बटण न बघता फिरवता यायचं. स्टिअरिंगवरची बटणंही दाबायची नाहीत, त्यांच्यावर बोट फिरवायचं आहे. आवाज दोनने वाढवायला गेलं तर पाचने वाढतो. इतका विचार करून दारावरची सीटची बटणं बनवणाऱ्या लोकांनीच ही बनवलीत यावर विश्वास बसत नाही. 'हे मर्सिडीज' म्हणून आवाजाने काम सांगता येतं आणि एसीपुरतं ते बरं चालतं, मात्र गाडीत तीन पिढ्या एकदम बोलत असल्या की ती कुणाचं ऐकायचं या पेचात पडते. चार्जिंगची सगळी भोकं टाइप-सी आहेत, जुन्या केबली घरीच राहू द्या.

आवाजाची यंत्रणा बर्मेस्टरची, १५ स्पीकर. यावर लिहिताना हात आखडता घेणार नाही. भीमसेनजींच्या जुन्या ध्वनिमुद्रणात मागे दोन तानपुरे आहेत हे मला पन्नाशीत, या गाडीत, सिन्नरच्या पुढे कळलं. फोनवरून ब्लूटूथने ऐकाल तर अर्धी मजा जाते, डाउनलोड करताना चांगल्या प्रतीचं करा.

लोकांना वाटतं गाडी फार मोठी आहे. प्रत्यक्षात लांबी ४७१६ मिलिमीटर, म्हणजे क्रिस्टापेक्षा केसभर कमीच. रुंदीने मात्र ती भरते, आरसे धरून दोन मीटरच्या वर. जुन्या शहरातल्या गुलमंडीत ही गाडी घेऊन जाणाऱ्याला मी हात जोडतो. चारी बाजूंचे कॅमेरे आहेत म्हणून पार्किंग निभावतं. डिकी ६२० लिटरची, चार माणसांचं लग्नाचं सामान बसतं. पण सात सीटांच्या गाडीतून येणाऱ्यांनी घरात आधीच जाहीर करावं की ही चौघांची गाडी आहे. मागे मधल्या जागी खाली मोठा उंचवटा आहे, तिथं लहान मूलच बसू शकतं. आमच्याकडे मामा-मामी आले की क्रिस्टाच निघते.

खराब रस्त्यावर सस्पेन्शन साठच्या वर छान वागतं, खड्डा दचका न देता गिळतं. हळू चाललात तर मात्र १९ इंची चाकांचा कडकपणा जाणवतो, गल्लीतले स्पीडब्रेकर आत कळतात. टायरचं दुखणं खरं आहे. मार्चमध्ये एका राज्य मार्गावर डांबराच्या कडेची धार लागली आणि पुढच्या डाव्या टायरला बाजूने फुगा आला. तालुक्याच्या गावात या मापाचा टायर कुणाकडे नसतो. संभाजीनगरातही सांगून दुसऱ्या दिवशी मिळाला, पंचवीस-तीस हजारांच्या घरात. म्हणून विमा घेताना झीरो डेप (भरपाईत घसारा न कापणारं कव्हर) आणि रिटर्न टू इन्व्हॉइस (गाडी पूर्ण गेली तर बिलाची किंमत देणारं कव्हर) याबरोबर टायरचं कव्हर घ्याच, आणि त्यात नुसता फुगा धरतात का ते लिहून घ्या. काही पॉलिसींत टायर फाटला तरच पैसे मिळतात. समृद्धीला लागण्याआधी हवा थंड टायरमध्ये तपासा. भर उन्हात सिमेंटवर सलग १२० ने चालणं टायरची परीक्षा बघतं, गाडी कुठलीही असो.

समृद्धीवरची दुसरी अडचण डोळ्यांची. सरळ रस्ता, आत शांतता, मऊ एसी, झोप यायला आणखी काय लागतं? गाडीत अटेन्शन असिस्ट आहे. स्टिअरिंग धरण्याची तुमची पद्धत बघत राहतं आणि सुस्ती वाटली की समोर कॉफीच्या कपाचं चित्र दाखवून थांबायला सांगतं. सल्ला योग्य असतो, पण काही टप्प्यांत चहा मिळायलाही बरंच पुढे जावं लागतं, तेव्हा थर्मास भरून घ्या. इगतपुरीचा जवळपास आठ किलोमीटरचा बोगदा मात्र या गाडीतून बघावा. आत शिरताच दिवे आपोआप लागतात, बाहेर पडलं की कसारा घाटाचा सगळा जुना त्रास आठवून हसू येतं.

उन्हाळा मराठवाड्याचा, ४२-४३ अंश. एसी त्याला पुरून उरला. काचेचं मोठं छत ही मात्र आपल्या हवेत कौतुकापेक्षा कटकट जास्त. आतला पडदा ओढला तरी दुपारी डोक्यावर ऊब जाणवते. मार्च ते जून मी ते छत उघडलेलं नाही. मुलीला सांगितलंय, श्रावणात उघडू.

गाडीबाहेरच्या अनुभवाचं थोडं सांगायला हवं, कारण हे कुठल्याच ब्रोशरमध्ये नसतं. आमच्या गावाला मर्सिडीजचं अप्रूप फारसं नाही. २०१० मध्ये इथल्या लोकांनी एकत्र बोली करून एकाच दिवशी दीडशे मर्सिडीज घेतल्या होत्या, देशभर बातम्या झाल्या. त्यामुळे शहरात मान वळवून कुणी बघत नाही. पण कामाच्या जागी गाडीवरची चांदणी, म्हणजे मर्सिडीजचं चिन्ह, नडते. मोठ्या कंपनीच्या गेटवर ही गाडी लावून पर्चेसवाल्यासमोर बसलं की रेट वाढवून मागायला तोंड उरत नाही. "तुमचं तर बरं चाललंय" या एका वाक्यात वाटाघाट संपते. म्हणून ग्राहकाकडे जाताना मी क्रिस्टा काढतो. वेरूळला घृष्णेश्वराच्या बाहेर नारळाचा भावसुद्धा गाडी बघून वाढतो, तो आनंदाने देतो. कारखान्यातल्या पोरांना पहिल्याच आठवड्यात गाडीत बसवून फिरवून आणलं आणि दिवाळीचा बोनस ठरल्या तारखेच्या आधी दिला. मालकाची नवी गाडी आणि उशिरा बोनस या दोन गोष्टी एका महिन्यात घडू नयेत.

घेणाऱ्यांना एकच सांगणं. टेस्ट ड्राइव्ह शोरूमने ठरवलेल्या गुळगुळीत रस्त्यावर घेऊ नका. गाडी तासभर मागा, आपल्या गावाकडच्या सगळ्यात वाईट रस्त्यावर न्या. निम्मा वेळ स्वतः मागे बसा आणि घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला सोबत न्या. उतरताना त्यांनी दाराला किती वेळ धरून ठेवलं ते बघा. दोन गाड्यांमध्ये अडकला असाल तर तिथं निकाल लागेल. आणि शोरूमवाला तासभर गाडी देत नसेल तर दुसऱ्या शोरूमला जा, इतके पैसे घेऊन येणारं गिऱ्हाईक रोज येत नाही.